घर, संस्था आणि ‘कुटुंब’ : व्यसनोत्तर सहनिवासाची रचना व परिभाषा

व्यसनग्रस्त माणसाच्या उपचारासंबंधी आपल्याकडे जो विचार होतो तो बहुधा उपचारकेंद्राच्या दारापाशी येऊन थांबतो. शरीरातील विष उतरवावयाचे, काही आठवडे निवासी उपचार द्यावयाचे आणि मग त्या माणसास नातेवाइकांच्या हवाली करावयाचे, हा क्रम सर्वपरिचित आहे. परंतु बाहेर पडलेला माणूस त्याच रात्री कोठे झोपणार, या साध्या प्रश्नाकडे फारसे लक्ष जात नाही. ज्या खोलीत त्याचे मद्यपान चालत होते त्याच खोलीत आणि त्याच सोबत्यांच्या शेजारात तो परतला, तर उपचाराने कमावलेले थोडेसे बळ टिकणे कठीण होते. कित्येकांना तर परतण्यासारखे घरच उरलेले नसते. ही उणीव भरून काढण्यासाठी अमेरिकेत जी निवासव्यवस्था रूढ झाली तिला तेथे ‘सोबर लिव्हिंग होम’ असे नाव आहे. उपचार घेऊन बाहेर पडलेल्या आणि मद्यादी द्रव्यांपासून दूर राहू इच्छिणाऱ्या माणसांनी साध्या वस्तीत, भाड्याच्या घरात एकत्र राहावे, हे तिचे स्थूल स्वरूप होय.

अशा निवासाची स्थापना व चालन कसे होते, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मात्र त्याच्या मुळाशी एक परिभाषेचा प्रश्न आहे. या निवासास घर म्हणावयाचे की संस्था? हा वाद वरवर शाब्दिक वाटला तरी कोणत्या वस्तीत तो असावा, कोणता कायदा त्यास लागू व्हावा आणि त्याच्या नावावर कोणी पैसा मिळवावा, या सर्वांची उत्तरे त्याच्या निर्णयावर अवलंबून आहेत.

१. नावांचा विचार

मराठीत या अवस्थेतील माणसासाठी नेमका शब्द नाही. ‘व्यसनी’ म्हणावे तर त्याने व्यसन सोडलेले आहे. ‘निर्व्यसनी’ म्हणावे तर त्या शब्दाचा रूढ अर्थ ज्यास कधी व्यसन लागलेच नाही असा आहे. ‘व्यसनमुक्त’ हा शब्द प्रचलित आहे खरा, परंतु त्यातील ‘मुक्त’ हे भूतकालवाचक धातुसाधित असल्याने क्रिया पुरी झाल्याचा भास होतो. वस्तुतः ही क्रिया पुरी होत नसते, ती रोज करावी लागते. या दृष्टीने ‘सावरणे’ हे क्रियापद अधिक यथार्थ ठरते. पाय घसरला असता पडता पडता तोल सांभाळणारा माणूस सावरतो; आणि पदर एकदा सावरला म्हणजे कायमचा सावरला, असेही होत नाही. म्हणून येथे अशा माणसास ‘सावरणारा’ आणि अशा निवासास ‘सहनिवास’ म्हटले आहे.

नामांपेक्षाही क्रियापदे अधिक बोलकी आहेत. उपचारकेंद्राविषयी बोलताना नातेवाईक सहज म्हणतात, “त्याला केंद्रात ठेवला आहे” किंवा “दाखल केला आहे.” या वाक्यांत तो माणूस क्रियेचे कर्म आहे. कर्ता दुसराच कोणी आहे, आणि पुष्कळदा तो उच्चारलाही जात नाही. घराविषयी बोलताना मात्र “तो तेथे राहतो” असे म्हणावे लागते; येथे तोच कर्ता. तीव्र अवस्थेत माणसास काही काळ कर्म व्हावे लागते, यात गैर काही नाही. मद्य एकाएकी बंद केल्यावर येणारे झटके व भ्रम प्राणघातक ठरू शकतात, त्या वेळी वैद्यकीय देखरेखच हवी. सहनिवास हा त्यापुढचा टप्पा आहे. तेथे येणारा माणूस पुन्हा कर्ता व्हावा हेच त्याचे प्रयोजन असल्यामुळे, प्रत्येक नियमाची परीक्षा याच कसोटीवर करता येते.

२. ऑक्सफर्ड हाऊस

या प्रकारच्या निवासांत सर्वांत अभ्यासलेला नमुना ‘ऑक्सफर्ड हाऊस’ हा होय. त्याचा ऑक्सफर्ड नगराशी प्रत्यक्ष संबंध नाही. ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ या मंडळाच्या आरंभकाळावर ज्या ऑक्सफर्ड गटाचा प्रभाव पडला त्याच्या स्मरणार्थ हे नाव घेतले गेले. इ. स. १९७५ मध्ये मेरीलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग येथील एक सरकारी अर्धनिवास निधीअभावी बंद करण्याचे ठरले. तेव्हा पॉल मोलॉय व त्यांचे सहनिवासी यांनी ते घर स्वतःच भाड्याने घेऊन चालविण्याचा निश्चय केला. त्या अर्धनिवासात राहण्याची मुदत ठरलेली असे. मुदत संपली म्हणजे तयारी असो वा नसो, बाहेर पडावे लागे, आणि बाहेर पडलेले अनेक जण पुन्हा व्यसनाकडे वळत. या अनुभवातून नव्या घराचे नियम घडले.

त्यातील मूलभूत नियम तीनच आहेत. घर रहिवाशांनी लोकशाही पद्धतीने चालवावे. त्याचा सर्व खर्च रहिवाशांनीच भागवावा. आणि जो पुन्हा मद्य वा मादक द्रव्य घेईल त्यास तत्काळ घर सोडावे लागावे. या तिन्ही अटी मान्य करणाऱ्या किमान सहा जणांच्या गटास मध्यवर्ती संघटना सनद देते. ती घरे विकत घेत नाही. घर भाड्याचेच असते आणि भाडेकरार त्या गटाच्या नावे होतो. वेतन घेणारा व्यवस्थापक, समुपदेशक किंवा वैद्य घरात नसतो. या शतकाच्या तिसऱ्या दशकाच्या आरंभापर्यंत अशा घरांची संख्या तीन हजारांच्या वर गेली होती.

आरंभीचे भांडवल हा प्रत्येक नव्या गटापुढील पहिला अडथळा असतो. उपचारातून नुकत्याच बाहेर पडलेल्या माणसाजवळ अनामत रकमेपुरतेही पैसे नसतात. अमेरिकी संघराज्याने १९८८ च्या मादकद्रव्यविरोधी कायद्यात यावर एक सुटसुटीत उपाय योजिला. प्रत्येक राज्याने एक लाख डॉलरांचा फिरता निधी उभारावा, त्यातून सहा वा अधिक व्यक्तींच्या गटास चार हजार डॉलरांपर्यंत कर्ज द्यावे आणि ते दोन वर्षांत हप्त्यांनी वसूल करून पुढील गटास द्यावे, अशी ती योजना होती. पुढे २००० मध्ये हा निधी उभारणे राज्यांच्या इच्छेवर सोडण्यात आले. ही मदत अनुदान नसून कर्ज होते, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. अनुदान घेणारा गट देणाऱ्याचा आश्रित राहतो. कर्ज फेडणारा गट आपल्यामागून येणाऱ्या अनोळखी माणसांच्या उपयोगी पडतो.

३. नियमांची मीमांसा

दर आठवड्यास घराची सभा भरते. अध्यक्ष, चिटणीस, खजिनदार इत्यादी पदाधिकारी रहिवाशांतूनच निवडले जातात आणि कोणासही एका पदावर सलग सहा महिन्यांपेक्षा अधिक काळ राहता येत नाही. या मर्यादेमागे दोन हेतू दिसतात. एकाच माणसाच्या हाती सत्ता साचली तर इतर जण पुन्हा ‘ठेवलेले’ होतात. आणि ज्याने वर्षानुवर्षे स्वतःचे पैसे सांभाळले नाहीत त्यास घराचा जमाखर्च सांभाळावयास लागणे, हाच त्याच्या सावरण्याचा भाग असतो.

नव्या माणसास प्रवेश द्यावयाचा तर त्याची मुलाखत होते आणि विद्यमान रहिवाशांपैकी ८० टक्क्यांची संमती लागते. आत घेताना इतके मोठे बहुमत मागणारे हे घर बाहेर जाण्याची तारीख मात्र कोणावर लादत नाही. नियम पाळणारा व आपला वाटा देणारा रहिवासी हवा तितका काळ राहू शकतो. संस्थेत मुदत आधी ठरते आणि माणूस तीत बसवावा लागतो. घरात ती माणसाच्या गतीने ठरते.

खर्चाचे गणितही या विचाराशी निगडित आहे. समजा, एका घराचे भाडे, वीज व इतर सामाईक खर्च मिळून महिन्यास ४०,००० रुपये होतात. आठ रहिवासी असतील तर प्रत्येकाचा वाटा ५,००० रुपये पडतो. पाचच असतील तर तो ८,००० वर जातो आणि नुकत्याच कामास लागलेल्या माणसास तो झेपत नाही. शिवाय पाचांपैकी दोघे एकदम गेले तर घरच बुडते. रहिवाशांची संख्या हा केवळ सोयीचा प्रश्न नसून घराच्या अस्तित्वाचा प्रश्न आहे. एका खोलीत दोघांनी राहण्याची रीतही पुष्कळ घरांत असते. ती खर्चासाठी तर आहेच, परंतु नवागताचा एकाकीपणा कमी व्हावा यासाठीही आहे.

सर्वांत कठोर नियम निष्कासनाचा. जो पुन्हा व्यसनाकडे वळला त्यास ठेवून घेतले तर उरलेल्यांचे सावरणे धोक्यात येते, हे त्याचे समर्थन होय. तथापि या नियमाची एक बाजू गंभीर आहे. काही काळ द्रव्यापासून दूर राहिलेल्या शरीराची सहनशक्ती उतरलेली असते. अशा वेळी अफूजन्य द्रव्य पूर्वीच्या मात्रेत घेतल्यास श्वास बंद पडून मृत्यू ओढवू शकतो. म्हणजे ज्या रात्री माणसास घराबाहेर काढावयाचे तीच रात्र त्याच्या दृष्टीने सर्वाधिक धोक्याची असते. यास्तव घर सोडावयास सांगणे आणि रस्त्यावर सोडून देणे यांत भेद करावयास हवा. त्यास उपचारकेंद्रात अथवा नातेवाइकांकडे पोहोचविणारा माणूस आधीच नेमलेला असावा, घरात नॅलॉक्सोन हे औषध असावे व ते वापरण्याचे शिक्षण सर्वांस मिळालेले असावे. त्याचप्रमाणे, वैद्याच्या सल्ल्याने मेथाडोन किंवा ब्युप्रेनॉर्फिन घेणाऱ्यास ‘अजून नशेतच’ समजून दार बंद करणारी घरेही आढळतात. औषध आणि नशा यांना एकाच नावाने ओळखण्याची ही चूक जीवघेणी ठरू शकते.

४. कुटुंब कोणास म्हणावे?

अशी घरे साध्या वस्तीत येऊ लागली तेव्हा शेजाऱ्यांचा व नगरपालिकांचा विरोध होणे अपरिहार्य होते. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स नगरातील वाद या बाबतीत प्रसिद्ध आहे. त्या नगराच्या नियमानुसार विशिष्ट वस्तीत प्रत्येक घरात एकच कुटुंब राहू शकत असे. कुटुंबाची व्याख्या अशी की, रक्ताने, दत्तकाने वा विवाहाने संबंधित असलेली माणसे कितीही असोत, ती एक कुटुंब. परंतु असंबंधित माणसे असल्यास ती पाचांहून अधिक नसावीत. ऑक्सफर्ड हाऊसमध्ये दहाबारा प्रौढ माणसे राहत असल्याने नगराने ते नियमबाह्य ठरविले.

उलट बाजूस, संघराज्याच्या निवासविषयक कायद्यात १९८८ मध्ये अपंगत्वामुळे होणारा भेदभाव निषिद्ध ठरविलेला होता, आणि मादक द्रव्यांचा अवैध वापर सोडून सावरणारे लोक त्या संरक्षणात येत होते. मात्र घरात किती माणसे असावीत याविषयीच्या वाजवी कमाल मर्यादेस त्या कायद्यातून सूट होती. तेव्हा नगराची व्याख्या संख्येची मर्यादा घालते की नात्याची, एवढाच प्रश्न सर्वोच्च न्यायालयापुढे आला. १५ मे १९९५ रोजी सहा विरुद्ध तीन मतांनी निर्णय झाला. बहुमताचे निकालपत्र न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी लिहिले. ज्या नियमात रक्तसंबंधी माणसे कितीही राहू शकतात तो नियम संख्येचा असू शकत नाही, कुटुंबात कोण मोडतो हे तो सांगतो, म्हणून त्यास सूट नाही, असा त्याचा आशय होता. न्यायालयाने त्या घरास कुटुंब ठरविले नाही. व्याख्येच्या आडून भेदभावाची तपासणी टाळता येणार नाही, एवढेच ठरविले. परंतु एका शब्दाच्या अर्थनिर्णयाने अनेक घरांची दारे उघडी राहिली.

आपल्याकडे कुटुंबाचे लोकरूढ माप रक्तापेक्षा चुलीचे आहे. भाऊ वेगळे झाले असे सांगताना ‘चूल वेगळी झाली’ असे आपण म्हणतो. २०११ च्या जनगणनेतही गृहस्थीची व्याख्या सामान्यतः एकत्र राहणारी व सामाईक स्वयंपाकघरातून जेवणारी माणसे अशीच होती, आणि ती परस्परांशी संबंधित असोत वा नसोत, असेही तीत स्पष्ट केलेले होते. वसतिगृहे, आश्रम, तुरुंग इत्यादींसाठी मात्र संस्थागत गृहस्थीचा वेगळा वर्ग होता. रक्ताचे नाते नसलेल्या माणसांनी स्वतःचे नियम करून एकत्र राहण्याची परंपराही आपणांस अपरिचित नाही. गोव्यातून मुंबईस नोकरीसाठी आलेल्या लोकांचे धोबी तलाव परिसरातील गाववार ‘कूड’ हे तिचे ठळक उदाहरण होय.

५. परिणाम

या पद्धतीचा उपयोग होतो काय, याची पद्धतशीर तपासणी शिकागो येथील डीपॉल विद्यापीठातील लिओनार्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी केली. निवासी उपचार पूर्ण केलेल्या १५० व्यक्तींपैकी निम्म्यांस चिठ्ठीपद्धतीने ऑक्सफर्ड हाऊसमध्ये पाठविण्यात आले व उरलेल्यांस नेहमीची उपचारोत्तर व्यवस्था मिळाली. २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार, दोन वर्षांच्या शेवटी पहिल्या गटात द्रव्यसेवनाचे प्रमाण ३१.३ टक्के, तर दुसऱ्यात ६४.८ टक्के होते. पहिल्या गटाचे सरासरी मासिक उत्पन्न सुमारे ९८९ डॉलर व दुसऱ्याचे ४४० डॉलर होते. तुरुंगवासाचे प्रमाण अनुक्रमे ३ व ९ टक्के होते. सहा महिने वा अधिक काळ घरात राहिलेल्यांची स्थिती त्याआधी गेलेल्यांपेक्षा चांगली होती. एवढ्यावरून ही पद्धती सर्वांस सारखीच लागू पडते असे म्हणता येणार नाही, कारण ज्यांस तीव्र मानसिक विकार आहे किंवा जे अद्याप कामास लागू शकत नाहीत त्यांस अधिक आधाराची गरज असते. अमेरिकेत २०११ मध्ये स्थापन झालेल्या एका राष्ट्रीय संघटनेने अशा निवासांचे चार स्तर कल्पिले आहेत, ते याच जाणिवेतून. रहिवाशांनीच चालविलेले घर हा पहिला स्तर असून, चौथ्या स्तरावर उपचारसेवा निवासाचाच भाग असते.

६. घराच्या नावाचा दुरुपयोग

‘घर’ या नावाने मिळणारे संरक्षण अप्रामाणिक माणसासही उपयोगी पडते. ॲरिझोना राज्यात मे २०२३ मध्ये शासनाने उघड केलेला प्रकार याची साक्ष देतो. काही लोकांनी सहनिवासाच्या नावाने घरे उघडून तेथे मुख्यतः आदिवासी अमेरिकी समाजातील व्यसनग्रस्तांना आणले, आणि त्यांच्या नावे न दिलेल्या उपचारांची देयके सरकारी आरोग्य योजनेकडून वसूल केली. देयके थांबविण्यात आली तेव्हा अनेक रहिवासी आपल्या गावापासून दूर, उघड्यावर पडले. तेथे पाटी घराची होती. परंतु भाडेकरार, पैसा, प्रवेश व निष्कासन यांपैकी कशावरही रहिवाशांची सत्ता नव्हती. ते तेथे राहत नव्हते, ठेवलेले होते. यावरून असे दिसते की, घराची ओळख पाटीवरून न करता चार प्रश्नांनी करावी. पैसा कोणाच्या हाती आहे? कोणास आत घ्यावयाचे हे कोण ठरवितो? दाराची किल्ली कोणाकडे आहे? आणि माणूस स्वतःच्या इच्छेने निघून जाऊ शकतो काय?

७. भारतीय कायदा आणि पुढील मार्ग

महाराष्ट्रात निवासी उपचाराची परंपरा सुप्रतिष्ठित आहे. पुण्यातील मुक्तांगण १९८६ पासून कार्य करीत आहे. उपचारानंतरच्या स्वशासित निवासाचा विचार मात्र आपल्याकडे अद्याप बाल्यावस्थेत आहे, आणि तो करू पाहणाऱ्यापुढे एडमंड्ससारखाच व्याख्येचा प्रश्न उभा राहतो. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यात मद्य व मादक द्रव्यांच्या दुरुपयोगाशी निगडित मनोवस्थांचा समावेश मानसिक आजारात केलेला आहे. असा आजार असलेल्या व्यक्ती जेथे दाखल होऊन राहतात किंवा काळजी, उपचार व पुनर्वसन यांसाठी ठेवल्या जातात ते स्थान ‘मानसिक आरोग्य आस्थापना’ होय, आणि तिची नोंदणी सक्तीची आहे. परंतु त्याच व्याख्येच्या शेवटी, जेथे अशी व्यक्ती आपल्या नातेवाइकांसमवेत वा मित्रांसमवेत राहते ते कौटुंबिक निवासस्थान वगळलेले आहे. एडमंड्सच्या नियमाने नात्यास अमर्याद मुभा दिली व मित्रांस पाचांवर अडविले. आपल्या कायद्याने मात्र मित्रांस नातेवाइकांच्या पंक्तीस बसविले. व्याख्येतील क्रियापदांचा भेदही तोच आहे : एकीकडे दाखल होणे व ठेवले जाणे, दुसरीकडे राहणे. शिवाय याच कायद्याच्या १८ व्या कलमात अर्धनिवास व आधारयुक्त निवास यांची तरतूद करण्याचे शासनाचे कर्तव्यही सांगितले आहे.

मग सात-आठ सावरणाऱ्या माणसांनी भाड्याने घेतलेले घर आस्थापनेत मोडेल की मित्रांच्या निवासात? नुसत्या शब्दांवरून याचे निश्चित उत्तर देणे धाडसाचे होईल. म्हणून असे घर काढणाऱ्यांनी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडून आधीच लेखी खुलासा घेणे उचित ठरेल. तथापि व्याख्येच्या कोणत्या बाजूस आपण पडावे हे काही अंशी चालकांच्याही हाती आहे. घरात औषधोपचार करू नये, त्यासाठी बाहेरच्या वैद्याकडे जावे. विष उतरविण्याच्या अवस्थेतील माणसास घेऊ नये. भाडेकरार रहिवाशांच्या नावे असावा. जमाखर्चाची वही प्रत्येकास पाहता यावी. प्रवेश, निष्कासन व खर्चाचे वाटे यांचे नियम लिहून काढून सर्वांच्या सह्या घ्याव्यात. आणि दारास बाहेरून कडी कधीही लागू नये. घरमालकापासून वस्तुस्थिती लपविण्यापेक्षा नियमांची प्रत त्यास दाखविणे हिताचे असते, कारण लपवून मिळविलेले घर पहिल्याच तक्रारीत हातचे जाते.

यांतील प्रत्येक गोष्ट कायद्याच्या दृष्टीने जितकी महत्त्वाची आहे तितकीच सावरणाऱ्याच्या दृष्टीनेही आहे. व्यसनाने माणसाचे कर्तेपण हिरावलेले असते आणि उपचाराने ते, काही काळापुरते का होईना, दुसऱ्याच्या हाती दिलेले असते. महिन्याच्या पहिल्या तारखेस आपला भाड्याचा वाटा देणे, आठवड्याच्या सभेत हात वर करून मत देणे, आपल्या पाळीच्या दिवशी सर्वांसाठी स्वयंपाक करणे, या क्षुल्लक वाटणाऱ्या क्रियांचा कर्ता तो स्वतः असतो. ज्या निवासात हे घडते त्यास घर म्हणण्यास प्रत्यवाय नसावा. आणि जेथे हे घडत नाही तेथे पाटीवर कोणताही शब्द रंगविला तरी माणूस तेथे ठेवलेलाच राहतो.